गोल केकचं बूड

चेंडूसारखा गोल केक करायचा म्हणजे डोक्याला ताप. चौकोनी केक ठेवला तिथे गपगुमान बसतो. उंच केक थोडे नखरे करतो, पण उभा राहतो. गोल केक मात्र टेबलावर टेकवला रे टेकवला की घरंगळायला बघतो, म्हणून त्याला आधी बूड द्यावं लागतं. अर्ध्या गोलाच्या आकाराची दोन भांडी असतात, त्यांत दोन अर्धे केक भाजायचे. गार झाले की त्यातल्या एकाच्या तळाचा पातळ काप सुरीने काढायचा, म्हणजे तो अर्धा सपाट बसतो. मग दुसरा अर्धा त्याच्यावर क्रीमने चिकटवायचा आणि क्रीम घट्ट होईपर्यंत कुणीतरी दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे, आणि घाईतल्या माणसाचं तर नव्हेच.

केकवालीच्या घरात त्या निघालेल्या कापालाच बूड म्हणत, आणि बुडावर तिच्या नवऱ्याचा हक्क होता. भांड्याला चिकटून भाजलेला तो भाग सगळ्यात खमंग, कडेला किंचित करकरीत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरात शिरला की बूट काढायच्या आधी त्याचा हात फ्रिजवरच्या बशीकडे जायचा, तोही ग्रीसने माखलेला हात. सासूबाई आतून ओरडायच्या, हात धू. केकवाली म्हणायची, अहो, हात धुवा. दोघींचं कानावर पडेपर्यंत बूड पोटात गेलेलं असायचं, आणि मग हा गृहस्थ अगदी आज्ञाधारकपणे हात धुवायला जायचा.

ती भांडीही त्यानेच आणलेली. एका बंद पडलेल्या हॉटेलची लिफ्ट खोलून काढायला गेला होता, तिथल्या स्वयंपाकघरात दोन्ही वाट्या धूळ खात पडल्या होत्या. मालक म्हणाला घेऊन जा. घरी आणल्या तेव्हा केकवालीने विचारलं, ह्याचं मी काय करू, डोक्यावर घालू? तो म्हणाला, आधी फुटबॉल कर, मग बघू. फुटबॉल झाला, आणि त्यानंतर त्याचं डोकं जे सुटलं ते थांबेना. बाहेरून हिरव्या पट्ट्यांचं आणि आत लालभडक कलिंगड, बियांच्या जागी चॉकलेटचे दाणे. भूगोलाच्या मास्तरांसाठी पृथ्वी. एकच वाटी पालथी घातली की कासव, काटे लावले की साळिंदर, मधोमध बाहुली खोवली की तिचा घेरदार झगा. डोळ्यांच्या एका डॉक्टरांच्या निवृत्तीला त्याने डोळाच करायला लावला, लाल शिरांसकट. समारंभात कुणाची सुरी लावायची हिंमत होईना, शेवटी डॉक्टरांनीच सरावाने कापला. त्याच्या कामावरच्या एका मित्राच्या वाढदिवसाला तर नुसतं टक्कल केलं होतं, तीन केसांचं. मित्र आठवडाभर बोलत नव्हता, पण केक त्याने घरी एकट्याने संपवला.

असा हा माणूस एका मंगळवारी डबा घेऊन कामावर गेला, एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत जरा टेकतो म्हणाला आणि तिथेच संपला. बरोबरचा कारागीर पाना आणायला खाली उतरला होता. तो वर येईपर्यंत सगळं झालं होतं. आजार नाही, दवाखाना नाही, निरोप नाही.

केकवालीला काहीच झालं नाही. हे तिचं तिलाच विचित्र वाटायचं, म्हणजे वाटायचं असंही नाही, लक्षात यायचं. लोक भेटायला येत होते. ती चहा टाकत होती, कप मोजून आणत होती, कुणाला साखर कमी लागते ते विचारत होती. शेजारच्या बायका तिच्या रडण्याची वाट बघत ताटकळत बसायच्या. त्यातल्या एकदोघींनी तर आधी स्वतः रडून दाखवलं, तिला जमत नसेल तर शिकावं म्हणून. पण डोळ्यांत टिपूस नाही. छातीत कळ नाही, काही नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. कुणीही काहीही म्हटलं की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, बरं.

कामावरची मंडळी त्याचा डबा परत घेऊन आली तेव्हा ती बरं म्हणाली. भट्टी थोडे दिवस बंद ठेव, असं कुणी म्हणालं, बरं. भट्टी लवकर सुरू कर, मन रमेल, असं दुसऱ्या कुणी म्हटलं, त्यालाही बरं. भट्टी सुरू झाली. लोकांना तिच्याकडून गोल केकच हवे असायचे, त्याचीच ख्याती झाली होती. पहिल्या गोलाच्या वेळी वरचा अर्धा बसवून ती तशीच उभी राहिली, कारण धरायला कुणी नव्हतं आणि तिला स्वतःला क्रीमची कड भरायची होती. सासूबाई बाहेरच्या खोलीतून उठून आल्या, हात धुतले आणि दोन्ही तळवे केकवर ठेवून उभ्या राहिल्या. तेव्हापासून धरायचं काम सासूबाईंचं.

आणि दर वेळी केकवालीचे हात बूड कापत, बशीत ठेवत, बशी फ्रिजवर ठेवत. तिने तसं ठरवलं नव्हतं. हातांना वळण पडलेलं होतं आणि हातांना कुणी काही कळवलं नव्हतं. संध्याकाळी ती केक पोचवायला जायची, परत यायची तेव्हा बशी धुतलेली, पालथी घातलेली असायची. ज्या बाईला स्वतःचं जेवण झालं की नाही ते आठवत नव्हतं, ती बशीचा विचार कशाला करते?

घोळ सुरू झाला तो सासूबाईंच्या रक्ताच्या तपासणीवरून. त्यांना मधुमेह जुना, पण लगामात असलेला. चहा बिनसाखरेचा, गोडाला हात नाही. सून दिवसभर केक करते आणि सासू त्यातलं बोटभर चाटत नाही, हे गल्लीत कौतुकाने सांगितलं जायचं. आता अचानक साखर चढली ती चढतच गेली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, मी काही खात नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी साखर हटेना.

हे नणंदेच्या कानावर गेलं. नणंद दुसऱ्या गावात एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि फोनवरसुद्धा प्रार्थनेला रांगा लावल्यासारखं बोलायची. तिने सगळा पाढा वाचला. घरात केकचा कारखाना, आईचं वय, तुझं कशाकडे लक्ष नाही, नसणारच, मी तुला दोष देत नाही, पण आई माझीही आहे. रविवारी गाडी घेऊन येते, आईला घेऊन जाते, कायमचं. केकवाली बरं म्हणाली. फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी माळ्यावरची बॅग काढून द्यायला सांगितली. तिने काढून दिली, वर पुसूनही दिली.

आता खरं सांगायचं तर तिला सासूबाईंनी जायला नको होतं. हे तिला पक्कं माहीत होतं, दारावरची पाटी वाचावी तसं स्पष्ट माहीत होतं. सासूबाई गेल्या की ह्या घरात भट्टी आणि ती, एवढंच उरणार. पण माहीत असणं वेगळं आणि ते तोंडातून काढणं वेगळं. नका जाऊ म्हणायला आतून थोडा तरी जोर लागतो, आणि तिच्यात तो शोधून सापडत नव्हता. सासूबाईही म्हणत नव्हत्या की मला जायचं नाही. दोघी एकमेकींना इतकं जपत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं जबरदस्त भांडण झालंय.

शनिवारी एकच केक होता. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या आईला ऐंशी पूर्ण होत होती. म्हातारी जन्मभर विणकाम करत आलेली, म्हणून तिला लोकरीच्या गुंड्याचा केक हवा होता. केकवालीने बरं म्हटलं होतं.

सकाळीच दोन्ही वाट्यांना लोणी लावून पीठ भुरभुरवलं, मिश्रण घातलं, वाट्या लवंडू नयेत म्हणून त्यांच्या कड्यांवर बसवल्या आणि भट्टीत सारल्या. गोल केकची एक खोड असते, कडेने भाजून लाल होतो आणि मधोमध कच्चा राहतो. टूथपिक आतपर्यंत पोचत नाही. म्हणून ह्या घरात सासूबाईंची विणकामाची जुनी स्टीलची सुई वापरत. सासूबाईंनी सुई खुपसली, बाहेर काढली, चष्मा वर करून बघितली आणि अजून दहा मिनिटं, म्हणाल्या. त्यांची बॅग बाहेरच्या खोलीत खुर्चीखाली भरून ठेवलेली होती. तिच्याकडे दोघींनी कानाडोळा केला होता.

केक गार झाल्यावर केकवालीने बूड कापलं, बशीत ठेवलं, बशी फ्रिजवर. वरचा अर्धा बसवला. सासूबाईंनी धरला. मग निळ्या क्रीमची पिशवी घेऊन तिने लोकरीचे धागे काढायला सुरुवात केली, वरून खाली, ओळीने, सरळ. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांना राहवेना. असा गुंडा कुणी केला तर दुसऱ्या दिवशी त्याचा गुंता होईल, त्या म्हणाल्या. चारपाच वेढे असे घ्यायचे, मग गुंडा हातात फिरवायचा, मग चारपाच तसे, आधीच्यांना आडवे. तिने पहिल्या ओळी पुसून काढल्या. सासूबाई केकखालचा पुठ्ठा थोडा थोडा फिरवत राहिल्या आणि ती वेढे घालत राहिली. दुपारपर्यंत टेबलावर खरोखरचा गुंडा दिसायला लागला, मांजराने येऊन पंजा मारावा असा. सासूबाई म्हणाल्या, छान झालाय, आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला गेल्या.

संध्याकाळी ती खोका घेऊन निघाली. कोपऱ्यावर पोचली तेव्हा आठवलं, केकमध्ये खोवायच्या दोन लाकडी सुया ओट्यावरच राहिल्या. खोका वाण्याच्या फळीवर ठेवला, जरा लक्ष द्या म्हणाली आणि परत आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

सासूबाई फ्रिजपाशी उभ्या होत्या. एका हातात बशी, शेजारी पाण्याचा पेला. बूड खात होत्या. पण गोडाला चटावलेलं माणूस चोरून खातं तसं नाही. तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, दोनचारदा चावून पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा, पुढचा मोडायचा. कडू औषध घ्यावं तसं चाललं होतं. चेहऱ्यावर चवीचं नाव नाही.

"आई," केकवाली म्हणाली.

सासूबाई दचकल्या नाहीत. तोंडातला घास गिळून त्यांनी बशी खाली ठेवली. बशीत अजून एक तुकडा होता.

"साखर कशाने चढतेय ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग कशाला खाता?"

"तू ठेवतेस म्हणून."

मी कुठे ठेवते, असं केकवालीच्या अगदी ओठांवर आलं. मग तिने बशीकडे बघितलं, आणि तिला आपले हात दिसले, सकाळचे, मागच्या आठवड्यातले, त्याच्याही आधीचे. तिनेच ठेवलं होतं, दर वेळी. मरून गेलेल्या नवऱ्यासाठी ती बूड काढून ठेवत होती.

सासूबाई ओट्याला टेकून सांगू लागल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चुकून ठेवलं असेल, म्हणून टाकून द्यायला उचललं. मग वाटलं, कचऱ्याच्या डब्यात हिला दिसेल. फ्रिजवर राहू द्यावं, तर तिथेही दिसेल. बाहेर नेऊन टाकावं, तर गल्लीत दहा जण विचारतील. "रात्र झाली, सकाळ झाली आणि बशी तशीच भरलेली दिसली असती, तर काय केलं असतंस तू?" त्यांनी विचारलं.

"केक वाण्याकडे ठेवलाय," केकवाली म्हणाली, सुया उचलल्या आणि गेली.

केक पोचला, सगळ्यांना आवडला. ऐंशी वर्षांच्या म्हातारीने खरी लोकर आहे की काय ते बघायला बोट खुपसलं आणि सगळे हसले. केकवालीही हसण्याच्या जागी हसली. परत येताना ती गल्लीतून सरळ चालत होती आणि तिच्या डोक्यात पहिल्यांदाच एकामागून एक विचार येत होते, कोरडे ठक्क, पण येत होते. सासूबाईंची साखर तिच्या हातांनी चढवली होती. उद्या ती गप्प बसली तर सासूबाई चोरून गोड खाणारी म्हातारी ठरून जाणार, आणि जन्मभर ते ऐकून घेणार, एक अक्षर न बोलता. आणि सांगायचं म्हटलं, तर नणंद विचारणार की बूड ठेवलंस कुणासाठी. त्याचं उत्तर द्यावं लागेल. उत्तर एका ओळीचं होतं. ती ओळ तिने आजवर कुणासमोर उच्चारली नव्हती, लोक तिच्या घरी येऊन ती ओळ तिला सांगत होते आणि ती त्यांना चहा देत होती.

घरी आली तर बशी धुऊन पालथी घातलेली होती. दोघी जेवल्या, भाजीत मीठ बरोबर आहे का यावर दोन वाक्यं झाली आणि दिवे मालवले.

रविवारी नणंद सांगितल्या वेळेला हजर झाली. शाळेची घंटा चुकेल, ही चुकायची नाही. बूट न काढता दारातच उभी राहून तिने सगळं सांगितलं. आईसाठी खिडकीची खोली रिकामी केली आहे, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, फिरायला बाग जवळ आहे, घरात साखरेचा डबासुद्धा ठेवलेला नाही. बोलताना ती आईकडे बघत होती, भिंतीकडे बघत होती, भावाची खुर्ची होती त्या कोपऱ्याकडे मात्र एकदाही बघत नव्हती. सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. नणंदेने बॅग उचलली.

"ताई, थांबा," केकवाली म्हणाली. "आईंची साखर माझ्यामुळे चढली."

नणंद बॅग हातात धरूनच थांबली. सासूबाई चटकन म्हणाल्या की ही काहीतरीच बोलते, मीच खात होते, माझीच जीभ चळली, म्हातारपणी चळते माणसाची जीभ, चल, उशीर होतोय. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेल्या बाईने एका दमात इतकं खोटं बोलून दाखवलं.

"मी बूड काढून ठेवत होते," केकवाली म्हणाली. "बशीत, फ्रिजवर. ते त्या खात होत्या."

"मधुमेहाच्या बाईसमोर?" नणंदेचा आवाज चढला. "अक्कल कुठे गेली होती तुझी? कुणासाठी ठेवत होतीस?"

"यांच्यासाठी."

नणंदेने तोंड उघडलं. शेकडो पोरांना एका वाक्यात गप्प करणारी ती बाई, तिला पुढचं वाक्य सापडेना. सासूबाई केकवालीकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या, नको, नको म्हणून.

इथे खरं तर तिने थांबायला हरकत नव्हती. नणंदेला पुरेसं कळलं होतं. पण एवढ्यावर थांबलं असतं तर सासूबाई गाडीत बसल्या असत्या, कारण जी सून भान हरपून बशा भरून ठेवते तिच्याकडे आईला कोण ठेवेल? त्यांना ठेवून घ्यायचं तर पुढचंही बोलायला हवं होतं. केकवालीने ओट्याची कड धरली. आतून जोर येईल म्हणून जरा वाट पाहिली. आला नाही. मग ती तशीच, जोराशिवाय बोलली.

"आता ठेवणार नाही, ताई. हे येणार नाहीत आता." ती सासूबाईंकडे वळली. "आई, हे गेले. संध्याकाळी आपल्याकडे कुणी यायचं नाहीये. मी बशी ठेवायची नाही आणि तुम्ही खायचं नाही. पण तुम्ही जाऊ नका. मला रडता येत नाही, मला सध्या काहीच येत नाही. तरी तुम्ही जाऊ नका."

तिचा आवाज सपाट होता. भाजीवाल्याला जुडीचा भाव विचारावा तसा. ऐकणाऱ्याला तिच्यात काही हललं असं वाटलंच नसतं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. उभ्या राहिल्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या इकडेतिकडे बघितलं. इतके दिवस ह्या बाईने सगळ्यांना पाणी दिलं होतं, बॅग भरली होती, केक धरला होता, साखर अंगावर घेतली होती, आणि तिच्याही डोळ्यांत कुणाला पाणी दिसलं नव्हतं. सगळे सुनेकडे बघत राहिले होते. जिचा मुलगा गेला तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"मी खात होते गं," त्या म्हणाल्या. "मी खात होते, तोवर कुणीतरी खात होतं."

आणि त्यांचा बांध फुटला. नीट रडताही येईना त्यांना, आधाराला खुर्ची धरायला गेल्या तर ती हाताला लागेना. नणंद दारातच उभी होती. तिने बॅग खाली ठेवली, बूट काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, तोंड हातांत घालून. भावासाठी ती इतके दिवस तिकडे, त्या खिडकीच्या खोलीत एकटी रडली होती, हे तिने नंतर सांगितलं, आणि आईला न्यायचं कारण नुसती साखर नव्हती, हेही.

केकवालीने दोन पावलं पुढे होऊन सासूबाईंना धरलं. सासूबाईंनी तिचा दंड पकडला, बुडणाऱ्याने पकडावा तसा. विणकामाने घट्ट झालेली त्यांची बोटं कातडीत रुतली, नखं आत गेली.

तिला दुखलं. ती तशीच उभी राहिली आणि दंड सोडवून घेतला नाही.